एका यंत्रावरची आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर
(संस्थेच्या वार्षिक समारंभात आंबिवली येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



अशा समारंभात पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे अशी रीत आहे. परंतु ते महत्त्व तुम्हांला ठाऊक नसते, तर रविवारची सुट्टी मोडून तुम्ही मुलाबाळांसह येथे आला नसता. म्हणून मी आज एका लहानशा, थोड्या रुक्ष वाटणाऱ्या विषयावर बोलणार आहे. संगणकाची आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण प्रोग्राम म्हणतो, ती एका यंत्रावर लिहिली; आता ती दुसऱ्या यंत्रावर चालेल काय? एवढाच प्रश्न. माझी रोजीरोटी बरीच वर्षे याच प्रश्नावर चालली आहे. आणि त्याचे उत्तर वेळेवर न मिळाल्यामुळे आपल्या मुलांचे जे नुकसान होते, ते मी माझ्या घरात पाहिले आहे.

माझा भाचा एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होता. सी भाषेत त्याचा हात चांगला बसला होता. प्रॅक्टिकलच्या वहीत लाल शेरा म्हणून कधी नव्हता. शेवटच्या वर्षी नव्या मुंबईतील एका कंपनीत तो परीक्षेला गेला. समोर संगणक, वेळ पाऊण तास, आणि प्रश्न अगदी सोपा: विद्यार्थ्यांच्या गुणांची यादी वाचावी आणि ती चढत्या क्रमाने लावून दाखवावी. सवयीप्रमाणे त्याने वरच्या ओळी लिहिल्या, आधी पडदा पुसण्याची आज्ञा दिली, पुढचे सारे काम बरोबर मांडले, शेवटी 'एक कळ दाबेपर्यंत थांब' असे सांगितले आणि यंत्राला कामाला लावले. यंत्राने उत्तर दिले: 'कोनिओ डॉट एच' नावाची फाइल येथे नाही. त्याने ती ओळ खोडली. मग यंत्राची तक्रार, पडदा पुसण्याची ही आज्ञा कोणती? येथे असे काही नाही. मुलगा घाबरला. जी फाइल कॉलेजातल्या प्रत्येक संगणकावर असते ती येथे नाही, याचा अर्थ आपण काहीतरी भलतेच केले, असे त्याला वाटले. सारे पुसून त्याने पुन्हा पहिल्यापासून लिहिले, आणि पुन्हा त्याच ओळी लिहिल्या.

घरी आल्यावर म्हणाला, "मामू, माझा प्रोग्राम बरोबर होता."

तो खरे बोलत होता. तीन ओळी काढून टाकल्या असत्या तर ते काम तेथेच झाले असते. परंतु त्या तीन ओळी सी भाषेच्या नव्हेत, त्या एका विशिष्ट यंत्राच्या व एका विशिष्ट कंपनीच्या आहेत, त्या काढता येतात, हे त्याला तीन वर्षांत कोणी सांगितले नव्हते. आणि मी त्याचा मामा, याच धंद्यातला, मीही कधी त्याची वही उघडून पाहिली नव्हती. हा दोष माझाही आहे.

आता हे असे का होते, ते पाहू. संगणकाचे लोखंडी यंत्र आणि आपली आज्ञावली यांच्यामध्ये एक कारभारी बसलेला असतो. त्याला कार्यप्रणाली म्हणतात, बोलताना आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो. विंडोज, लिनक्स, ॲपलची मॅक, आपल्या खिशातील फोनवरची अँड्रॉइड, ही सारी या कारभाऱ्यांची नावे. फाइल उघडावयाची असो, पडद्यावर अक्षर काढावयाचे असो, आज्ञावली स्वतः यंत्राला हात लावत नाही. ती कारभाऱ्याकडे अर्ज करते. प्रत्येक कचेरीची रीत निराळी. एका ठिकाणी अर्ज खिडकीवर द्यावा लागतो, दुसऱ्या ठिकाणी आवक-जावक टेबलावर, तिसरीकडे आधी तिकीट लावून आणा म्हणतात. अर्जातील मजकूर तोच असला तरी रीत चुकली की अर्ज परत.

स्वयंपाकघरातले उदाहरण आमच्या भगिनींना अधिक पटेल. अम्मीच्या हातची एखादी पाककृती लिहून घेतली आणि ती भिवंडीला दिलेल्या मुलीला पाठविली. कागदावर लिहिले आहे, "आपल्या निळ्या वाटीने तीन वाट्या तांदूळ, आणि शेगडीच्या उजव्या बाजूला ठेवून शिजवावे." या घरात ही कृती शंभर वेळा बरोबर उतरली. त्या घरात निळी वाटीच नाही, आणि गॅसला उजवी-डावी आच नाही. कृती चूक आहे काय? नाही. परंतु तिच्यात अन्नाचा भाग किती आणि या घराचा भाग किती, हे कोणी वेगळे केलेले नाही. त्याच कागदावर 'पाऊण किलो तांदूळ, मंद आच' असे लिहिले असते तर कोणत्याही चुलीवर काम झाले असते.

आपल्यापैकी बरेच जण कसारा लोकलने आले असतील. आणखी एक उदाहरण याच मार्गावरचे आहे, आणि मला ते फार आवडते. मुंबईत विजेवरची गाडी १९२५ साली सुरू झाली, ती १५०० व्होल्टच्या डीसी प्रवाहावर. पुढे देशात इतरत्र २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह आला. त्यामुळे कितीतरी वर्षे मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन इगतपुरीला बदलावे लागत असे. डबे तेच, उतारू तेच, रूळही तेच, पण वरच्या तारेतला प्रवाह बदलला की मुंबईचे इंजिन तेथून पुढे निरुपयोगी. मग दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आली. दोन्ही प्रवाह जाणणाऱ्या लोकलही आल्या, आणि एका प्रवाहातून दुसऱ्यात शिरताना डब्यातले दिवे व पंखे क्षणभर बंद पडत, ते पुष्कळांना आठवत असेल. शेवटी टप्प्याटप्प्याने तारेतला प्रवाहच बदलण्यात आला आणि २०१५ च्या जूनमध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील डीसीचा अखेरचा टुकडा संपला.

आज्ञावली लिहिणाऱ्यांनी नेमके हेच केले आहे. कधी सरहद्दीवर इंजिन बदलले, म्हणजे आज्ञावलीचा यंत्राशी जोडलेला भाग तेवढा नवा लिहिला. कधी दोन्ही रीती जाणणारी आज्ञावली लिहिली. आणि जेथे शहाणपण व सवड दोन्ही होती, तेथे सर्वांनी मिळून वरची तार एकसारखी केली.

ही अडचण काही आजची नाही. मुंबईतच तिचा इतिहास आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी 'टिफ्रॅक' हा संगणक बांधला, तो १९६० साली पूर्ण कामाला लागला. त्याच संस्थेत १९६४ मध्ये अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. टिफ्रॅकच्या स्वतःच्या यंत्रभाषेत जे लिहिले होते ते नव्या यंत्रावर जसेच्या तसे चालणे शक्यच नव्हते. गणित तेच, पण ते मांडण्याची अक्षरे वेगळी.

तिकडे अमेरिकेत यावर उपाय म्हणून १९५९ साली अनेक कंपन्यांनी व सरकारी खात्यांनी एकत्र बसून हिशेबाच्या कामासाठी कोबोल नावाची समाईक भाषा ठरविली. १९६० च्या डिसेंबरात एकच कोबोल आज्ञावली, किरकोळ फेरफार करून, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली: एक आरसीए ५०१ आणि दुसरे युनिव्हॅक. आज त्यात नवल वाटत नाही, पण त्या दिवसापर्यंत गिऱ्हाईक ज्या कंपनीचे यंत्र घेई त्या कंपनीशी जन्माचा बांधला जाई.

तरीही भाषा एक झाली म्हणून बोली एक होत नाही. कोकणातली आणि खानदेशातली मराठी ऐकणाऱ्यांना हे सांगावयास नको. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही कंपनी १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली, फकीरचंद कोहली तिचे सूत्रधार. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बरोज या संगणक-कंपनीकडून तिला जी सुरुवातीची कामे मिळाली, त्यांतले एक मोठे गमतीचे आहे. रुग्णालयाच्या हिशेबाची आज्ञावली बरोजच्या मध्यम आकाराच्या यंत्रावर चालत होती. ती त्याच बरोजच्या लहान यंत्रावर न्यावयाची होती. कंपनी एक, भाषा कोबोलच, पण दोन यंत्रांची कोबोल निराळी! बरे, येथे काम करणाऱ्यांजवळ बरोजचे यंत्रही नव्हते. जवळ होते ते विलायती आयसीएल १९०३. आमच्या लोकांनी हातपाय गाळले नाहीत. त्यांनी त्या तिसऱ्याच यंत्रावर, एका बोलीतली आज्ञावली गाळून दुसऱ्या बोलीत उतरविणारी आज्ञावली लिहिली. आज आपल्या घराघरांतून मुलेमुली ज्या धंद्यात जाऊ पाहतात, परदेशाचे काम भारतात बसून करण्याचा तो धंदा, त्याच्या पहिल्यावहिल्या कामांपैकी हे एक होते. म्हणजे यंत्रे एकमेकांची भाषा जाणत नव्हती म्हणून आमच्या लोकांना काम मिळाले. हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो आणि थोडे हसू येते.

खरी क्रांती मात्र एका कार्यप्रणालीने केली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स घडविली. पहिल्याने ती एका यंत्राच्या यंत्रभाषेतच होती. १९७३ मध्ये तिचा गाभा त्यांनी सी भाषेत पुन्हा लिहिला, आणि सी ही रिचींनी याच कामासाठी वाढविलेली भाषा. कारभारीच आता कोणत्याही कचेरीत नेता येईल अशा भाषेत लिहिला गेला. १९७७ मध्ये युनिक्स अगदी निराळ्या बांधणीच्या इंटरडेटा यंत्रावर उतरविली गेली. एक प्रयत्न बेलमध्येच झाला, दुसरा ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग विद्यापीठात. कारभाऱ्याच्या एकंदर पसाऱ्यात यंत्राशी बांधलेला भाग थोडाच निघाला, तेवढा नव्याने लिहिला, बाकीचा बहुतेक जसाच्या तसा चालला.

आपल्याकडे याचा उपयोग लवकर झाला. १९७८ साली आयबीएम कंपनी भारतातून निघून गेली. तिची यंत्रे येथेच राहिली आणि त्यांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने पाहिली. पुढच्या दशकात आपल्या देशी कंपन्या संगणक बनवू लागल्या तेव्हा त्यांनी युनिक्सचा रस्ता धरला, आणि बँकांच्या संगणकीकरणातही युनिक्सला मोठी जागा मिळाली. कोणत्याही एका परदेशी कंपनीच्या यंत्राशी हात बांधून घ्यावयाचे नाहीत, यासाठी तो रस्ता सोयीचा होता. १९८८ मध्ये पॉझिक्स या नावाने कारभाऱ्याकडे करावयाच्या अर्जाचे नमुने ठरले, १९८९ मध्ये अमेरिकेत सी भाषेचे प्रमाण ठरले, आणि १९९१ पासून लिनक्स आली, ती कोणालाही फुकट घेता येते.

मग माझा भाचा अडला कोठे? सांगतो. १९८७ साली बोरलँड कंपनीने टर्बो सी नावाचे साधन बाजारात आणले. ते डॉस या कार्यप्रणालीवर चालत असे. अतिशय चपळ, लहान, लहानशा यंत्रावर सुखाने चालणारे. लिहिण्याची जागा, भाषांतर करणारा आणि चूक दाखविणारा, सारे एकाच निळ्या पडद्यावर. भारतातील महाविद्यालयांनी आणि गल्लोगल्लीच्या क्लासांनी ते उचलून धरले. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकावर ज्या पिढ्या सी शिकल्या, त्यांतील बहुतेकांच्या समोर तोच निळा पडदा होता, आणि मीही त्यांतलाच. त्या काळासाठी ते साधन उत्तमच होते, आणि त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. तक्रार पुढची आहे. डॉस मागे पडले, विंडोज आली, तिच्या चौसष्ट-बिटी आवृत्त्यांनी ती जुनी सोळा-बिटी साधने चालविणे सोडून दिले, तरी कित्येक ठिकाणी नव्या संगणकावर डॉसचे सोंग आणणारी आज्ञावली बसवून तिच्या पोटात टर्बो सी चालविले जात राहिले. मुलांना वाटत राहिले की हीच सी भाषा.

योगायोग पाहा. त्याच १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी नावाचे सीचे भाषांतरक साधन लोकांसाठी खुले केले. ते फुकट होते, आजही आहे, विंडोजवर चालते, लिनक्सवर चालते, आणि जगातील फार मोठे काम त्यावर होते. ज्या परीक्षेत भाचा बसला, तेथे तेच होते.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे तुमच्याशी. पडदा पुसणे आणि कळ दाबेपर्यंत थांबणे या दोन आज्ञा तर सहज दिसतात आणि सहज निघतात. 'मेन'च्या आधी 'व्हॉइड' लिहिण्याची सवय तशीच; तेथे प्रमाणाप्रमाणे 'इंट' लिहा. परंतु खरे कपटी शत्रू दिसत नाहीत. टर्बो सीमध्ये 'इंट' या वाटीत सोळा बिटे मावतात, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६७ हा आकडा. आज लिनक्सवरील जीसीसीमध्ये तीच वाटी बत्तीस बिटांची आहे. पस्तीस मुलांची फी प्रत्येकी एक हजार रुपये, एकूण ३५,०००. ही बेरीज साध्या 'इंट'मध्ये जीसीसीवर बरोबर येईल. टर्बो सीमध्ये उत्तर येईल उणे ३०,५३६. आज्ञावलीत एक अक्षराचा फरक नाही, आणि संस्था एका यंत्रावर श्रीमंत व दुसऱ्यावर कर्जबाजारी! म्हणून आकडा किती मोठा होऊ शकेल याचा विचार आधी करावा, आणि 'अमुक एवढ्या बिटांचा' असे स्पष्ट सांगणारे प्रकार सीच्या १९९९ च्या प्रमाणात आले आहेत, ते वापरावेत. वाटी नको, किलो सांगा.

या वाटीचा घोळ एकदा फार महाग पडला आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे नवे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, सदतीस-एक सेकंदांत भरकटले आणि फुटून गेले. दिशा सांगणारी आज्ञावली जुन्या एरियन ४ वरून उचलून आणली होती. तेथे ती वर्षानुवर्षे निर्दोष चालली होती. नवा बाण अधिक वेगाने झुकला, एक आकडा सोळा बिटांच्या जागेत मावेनासा झाला, आणि पुढचा अनर्थ ओढवला. आज्ञावली घरात बरोबर चालते, एवढ्यावर विसंबून राहणाऱ्यांत मोठमोठे शास्त्रज्ञही होते, हे ऐकून भाच्याला थोडे बरे वाटले होते.

आणखी एक सापळा ओळीच्या शेवटी असतो. टायपिंगच्या क्लासला गेलेल्या पालकांना टाइपरायटरचा तो दांडा आठवत असेल. तो ओढला की दोन गोष्टी होत: कागद एक ओळ वर सरके आणि गाडा पुन्हा सुरुवातीला येई. टेलिप्रिंटरने या दोन गोष्टींना दोन चिन्हे दिली. डॉस व विंडोजने दोन्ही ठेवली. युनिक्सने एकच ठेवले. म्हणून विंडोजवर लिहिलेली गुणांची यादी लिनक्सवर वाचली की प्रत्येक नावाच्या शेवटी एक न दिसणारे चिन्ह चिकटून येते, आणि दोन सारखी नावे यंत्राला निराळी वाटतात. मी स्वतः या चिन्हामागे एकदा पूर्ण रात्र घालविली आहे. फाइलच्या नावातही असेच. विंडोजला लहान व मोठी अक्षरलिपी सारखीच वाटते, लिनक्स त्यांत भेद करते. आणि फोल्डरच्या वाटेत विंडोजची माणसे तिरपी रेघ उलटी मारतात. सरळ तिरपी रेघ सीमधून विंडोजलाही चालते, हे मात्र कोणी सांगत नाही.

मराठी वाचकांना तर हा त्रास आज्ञावलीविनाही भोगावा लागला आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फाँटमध्ये टाइप केला तो फाँट समोरच्या यंत्रावर नसला की पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी दिसे. जुन्या स्मरणिकांच्या फाइली ज्यांच्याकडे असतील त्यांनी उघडून पाहाव्या. उर्दूच्या इनपेज फाइलींचा अनुभवही असाच. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये आपल्या लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरविले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या आराखड्यावरून घेतली होती. तार एकसारखी होण्यास मात्र पुढे बरीच वर्षे गेली. आता मराठीतले पत्र, उर्दूतले पत्र एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाते आणि वाचता येते. यामागे कोणाकोणाचे किती काम आहे, हे आपल्या ध्यानीमनीही नसते.

कोणी विचारील, जावा ही भाषा १९९५ साली 'एकदा लिहा, कोठेही चालवा' म्हणत आली, पायथॉन आहे, सारे काही ब्राउझरमध्ये चालते, मग ही जुनी रड कशाला? या भाषांनी पुष्कळ ओझे हलके केले हे खरे. त्या आपल्याबरोबर स्वतःचा एक छोटा कारभारी आणतात, तो बाहेरच्या कारभाऱ्याशी परस्पर बोलतो. परंतु पायथॉनमध्येही कोणी फाइलची वाट 'सी ड्राइव्ह'पासून लिहून ठेवली, तर ती आज्ञावली त्याच्या टेबलापलीकडे जात नाही. भाषा बदलून सवय बदलत नाही. दुसऱ्या बाजूने हेही कबूल करतो की प्रत्येक आज्ञावली सर्वत्र चालावी हा हट्ट चुकीचा आहे. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, कधी वेगही गमवावा लागतो. एखाद्या कारखान्यातील एकाच यंत्राला हलविणारी आज्ञावली त्या यंत्रासाठीच लिहावी. फक्त आपण काय बांधून घेत आहोत, हे लिहिणाऱ्याला माहीत असावे.

पालक मला नेहमी विचारतात, "भाईजान, मुलाला कोणता लॅपटॉप घेऊन देऊ?" कर्ज काढून पन्नास-साठ हजारांचा घ्यावा काय? माझे स्पष्ट मत असे की प्रोग्रामिंग शिकण्याच्या पहिल्या दोन वर्षांसाठी त्याची गरज नाही. कचेऱ्यांतून काढलेले जुने संगणक मिळतात. विंडोजच्या नव्या आवृत्तीने नाकारलेल्या यंत्रावरही लिनक्सची हलकी आवृत्ती नीट चालते, आणि तिला दाम पडत नाही. तेही नसेल, तर ज्या अँड्रॉइड फोनवर मुलगा दिवसभर असतो त्या फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. त्यावर सीचे भाषांतरक साधन चालते. लहान पडद्यावर डोळे दुखतात हे मान्य, पण एक स्वस्त कीबोर्ड जोडला की काम होते. दोन निरनिराळ्या कारभाऱ्यांशी मुलाची ओळख झाली पाहिजे, हे महाग लॅपटॉपपेक्षा अधिक महत्त्वाचे. मुलींच्या बाबतीत तर हे आग्रहाने सांगतो, कारण घरातील एकुलता एक लॅपटॉप बहुधा भावाच्या हाती असतो आणि बहिणीकडे फोन तेवढा उरतो.

आंबिवलीत हे बोलताना मोहन्याची आठवण होणारच. नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ मध्ये बंद झाला. त्यानंतर आमच्या ओळखीच्या लोकांत जे मी पाहिले तेवढेच सांगतो. वायरमन, फिटर, वेल्डर यांना इकडेतिकडे काम लागले. त्यांचा पाना कोणत्याही कारखान्याच्या नटाला बसत होता. पण आयुष्यभर एकाच खात्यातील एकाच यंत्रावर हात बसलेली माणसे, त्यांची मेहनत काडीनेही कमी नव्हती, घरी बसली. त्या हाताला दुसरीकडे यंत्रच नव्हते. भाच्याच्या परीक्षेची गोष्ट मी ऐकली तेव्हा मला प्रथम आठवली ती ही माणसे.

शिक्षकांना एक विनंती. परीक्षेच्या अभ्यासक्रमात काय लिहिले आहे ते आपल्या हाती नसते, हे मी जाणतो. तरी वर्षातून एकदा प्रॅक्टिकलची एक आज्ञावली मुलांना दोन कार्यप्रणालींवर चालवून पाहू द्यावी आणि काय काय अडले ते वहीत लिहावयास सांगावे. एका तासाचे काम आहे. गुण नाही दिले तरी चालेल.

भाचा आता नोकरीत आहे, दुसऱ्याच एका कंपनीत, आणि आज येथे हजर आहे. माझे भाषण संपले की शेजारच्या वर्गात चला. त्याने तेथे एक जुना लिनक्सचा संगणक, एक विंडोजचा लॅपटॉप आणि स्वतःचा फोन असे तिघे शेजारी मांडून ठेवले आहेत. परीक्षेत अडलेली तीच गुणांची यादी, तीच आज्ञावली, तिन्हींवर एकाच मूळ लिखाणातून चालते. पस्तीस हजारांची बेरीजही तो दोन तऱ्हांनी करून दाखवील. एक अडचण मात्र काल रात्रीपर्यंत सुटली नव्हती: यादीतील मराठी नावे फोनवर स्वच्छ दिसतात, आणि विंडोजच्या काळ्या खिडकीत त्यांची अजूनही खिचडी होते. ते का होते, हे मला विचारू नका, त्याला विचारा. सकाळपासून तो त्यावरच बसला आहे.